घोषणा झाली, पण सिनेमा आलाच नाही! फायटिंग गेम्सवरचे सिनेमे नेमके कुठे अडकतात?

यूट्यूबवर 'टेकन' किंवा 'स्ट्रीट फायटर' असं टाकून बघा. गेमप्लेच्या व्हिडिओंमध्येच तुम्हाला सिनेमाचे ट्रेलर दिसतील. मोठमोठे कलाकार, झकास लाइटिंग, शेवटी तारीखसुद्धा. यातले बरेच ट्रेलर अशा सिनेमांचे असतात, जे कोणी बनवलेलेच नाहीत. काही सिनेमे मात्र खरोखर जाहीर झाले होते. त्यांना दिग्दर्शक होता, पटकथा होती, बातम्याही छापून आल्या होत्या. तरी ते पडद्यावर आले नाहीत.

असं का होतं, हे आजच्या लेखात आपण समजून घेणार आहोत. नेहमीचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे: "फायटिंग गेमला स्टोरीच नसते, मग सिनेमा कसा बनणार?" मला हे उत्तर अर्धवट वाटतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखादा प्रोजेक्ट बंद पडला की आमच्याकडे आधी कोडकडे बोट दाखवतात, पण खरं कारण बरेचदा लायसन्स, बजेट नाहीतर बदललेली मालकी यात असतं. फायटिंग गेम्सच्या सिनेमांचंही तसंच आहे. स्टोरी हा त्रास आहेच, पण सिनेमा मरतो तो जास्त करून हक्कांच्या कागदावर.

आधी बेसिक: सिनेमाचे हक्क म्हणजे काय?

गेम ज्या कंपनीचा, त्यातली पात्रं, नावं, लोगो आणि कथा हे सगळं तिच्या मालकीचं असतं. दुसऱ्या कोणाला त्यावर सिनेमा बनवायचा असेल तर परवानगी विकत घ्यावी लागते. बहुतेक वेळा निर्माता सगळे हक्क एकदम घेत नाही. तो आधी 'ऑप्शन' घेतो.

ऑप्शन म्हणजे फ्लॅट बुक करताना देतो तसं टोकन समजा. ठराविक रक्कम भरायची आणि ठराविक मुदतीसाठी तो हक्क आपल्या नावावर अडवून ठेवायचा. ही मुदत साधारण वर्ष-दीड वर्षाची असते आणि आणखी पैसे भरून वाढवता येते. तेवढ्या काळात निर्मात्याने लेखक शोधायचा, पटकथा लिहून घ्यायची, स्टुडिओला पटवायचं आणि पैसा उभा करायचा. जमलं तर पूर्ण हक्क विकत घेऊन शूटिंगला लागायचं. नाही जमलं तर मुदत संपते आणि हक्क मूळ मालकाकडे परत जातात. टोकन गेलं ते गेलं.

यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली, "अमुक गेमचे सिनेमा हक्क विकले गेले" या बातमीचा अर्थ इतकाच की कोणीतरी टोकन भरलंय. घराची वीटसुद्धा अजून रचलेली नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ऑप्शन चालू असेपर्यंत दुसरा कोणीही त्या गेमवर सिनेमा बनवू शकत नाही. म्हणजे न बनणारा सिनेमा नुसता पडून राहत नाही, तो रस्ताही अडवतो. तुमच्या डोक्यात कितीही भारी कल्पना असू दे, कागद दुसऱ्याच्या खिशात असेल तर काही उपयोग नाही.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा: 'डेव्हलपमेंट हेल'. सिनेमा रद्दही होत नाही आणि बनतही नाही. लेखक बदलतात, दिग्दर्शक बदलतात, वर्षं निघून जातात. कोणी अधिकृतपणे "बंद केला" असं सांगतही नाही.

केस १: मॉर्टल कॉम्बॅट आणि २४ वर्षांची दरी

हा सगळा प्रकार समजून घ्यायला 'मॉर्टल कॉम्बॅट'इतकं चांगलं उदाहरण नाही.

शिकागोच्या मिडवे कंपनीने १९९२ मध्ये हा गेम आर्केडमध्ये आणला. एड बून आणि जॉन टोबायस ही त्यामागची मुख्य जोडी. सिनेमाची बाजू लॅरी कॅसनॉफ यांच्या थ्रेशोल्ड एंटरटेनमेंटने सांभाळली आणि वितरण न्यू लाइन सिनेमाने केलं. म्हणजे गेम एकाचा, सिनेमा बनवणारा दुसरा आणि थिएटरपर्यंत पोहोचवणारा तिसरा. हे तीन तुकडे लक्षात ठेवा, पुढे कामी येतील.

ऑगस्ट १९९५ मध्ये आलेला पहिला सिनेमा चालला. दिग्दर्शक होते पॉल डब्ल्यू. एस. अँडरसन. सुमारे २ कोटी डॉलरमध्ये बनलेल्या या सिनेमाने जगभरात १२ कोटी डॉलरच्या वर कमाई केली आणि अमेरिकेत तो सलग तीन आठवडे पहिल्या नंबरवर राहिला. साहजिकच दुसरा भाग आला, नोव्हेंबर १९९७ मध्ये, 'अ‍ॅनायहिलेशन' नावाने. पहिल्या भागातले बहुतेक मुख्य कलाकार बदलले होते. खर्च वाढून ३ कोटी डॉलर झाला, कमाई मात्र ५ कोटींच्या आसपासच थांबली. समीक्षकांनी आणि फॅन्सनी दोघांनीही त्याची पार धुलाई केली.

आता तिसऱ्या भागाची गोष्ट. तो जाहीर झाला, त्याची नावं चर्चेत आली, पटकथेची कामं झाली. २००५ मध्ये अमेरिकेत कॅटरिना चक्रीवादळ आलं आणि ज्या भागात शूटिंगचा विचार चालू होता त्यालाच तडाखा बसला. पण नुसत्या वादळाने सिनेमा बंद पडत नाही, शूटिंगची जागा बदलता येते. खरा धक्का पुढे बसला.

फेब्रुवारी २००९ मध्ये मिडवेने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी वॉर्नर ब्रदर्सने कंपनीची बरीचशी मालमत्ता सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली आणि 'मॉर्टल कॉम्बॅट' त्यात होता. या विक्रीच्या वेळी थ्रेशोल्डने न्यायालयात आपला दावा मांडला. सिनेमा आणि मालिकांच्या निमित्ताने तयार झालेल्या गोष्टींवर आमचाही हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता एखाद्या स्टुडिओच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ज्या नावाच्या मालकीवरून वकील भांडतायत, त्या नावावर तुम्ही कोट्यवधी डॉलर लावाल का? सातबारा कोणाच्या नावावर आहे हेच माहीत नसताना त्या जमिनीवर बंगला कोण बांधणार!

आठ मिनिटांचा व्हिडिओ आणि अडकलेली गाडी

जून २०१० मध्ये यूट्यूबवर अचानक एक व्हिडिओ आला, 'मॉर्टल कॉम्बॅट: रिबर्थ'. लांबी साधारण आठ मिनिटं. त्यात जादू नाही, दुसरी दुनिया नाही, फक्त अंधारं शहर, पोलीस आणि सराईत खुनी. हा गेमचा ट्रेलर की सिनेमाचा, हेच लोकांना कळेना. प्रत्यक्षात तो दोन्ही नव्हता. दिग्दर्शक केविन टँचरोएन यांनी स्टुडिओला आपली कल्पना दाखवण्यासाठी तो अगदी थोडक्या पैशांत, सुमारे साडेसात हजार डॉलरमध्ये, बनवला होता.

आमच्या भाषेत याला 'प्रोटोटाइप' म्हणतात. पन्नास स्लाइड्सचं प्रेझेंटेशन देण्यापेक्षा चालणारा छोटा डेमो दाखवा, समोरच्याला लगेच कळतं. टँचरोएन यांनी तेच केलं.

परिणामही लगेच दिसला. २०११ मध्ये त्यांच्याच दिग्दर्शनाखाली 'मॉर्टल कॉम्बॅट: लेगसी' ही वेब मालिका यूट्यूबवर आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बातमी आली की टँचरोएन नवा सिनेमा दिग्दर्शित करणार आणि पटकथा ओरेन उझील यांची असणार. आता गेमही वॉर्नरकडे होता आणि न्यू लाइनही २००८ पासून वॉर्नरमध्येच सामील झालेली होती. तीन तुकड्यांपैकी दोन एका छपराखाली आले होते. म्हणजे सगळं जुळलं होतं.

तरी तो सिनेमा बनला नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये टँचरोएन त्यातून बाहेर पडले. ज्या माणसाने बंद पडलेली गाडी ढकलून सुरू केली, तोच गाडीत बसू शकला नाही.

२०१५ मध्ये जेम्स वान निर्माते म्हणून आले, पुढच्या वर्षी सायमन मॅकॉइड दिग्दर्शक म्हणून. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात शूटिंग झालं आणि एप्रिल २०२१ मध्ये सिनेमा अमेरिकेतल्या थिएटरमध्ये आणि एचबीओ मॅक्सवर एकाच दिवशी आला. १९९७ ते २०२१, तब्बल २४ वर्षं!

त्या सिनेमाची श्रेयनामावली नीट बघा. कथेच्या श्रेयात ग्रेग रुसो यांच्यासोबत ओरेन उझील यांचंही नाव आहे. तेच उझील, ज्यांची पटकथा टँचरोएन दिग्दर्शित करणार होते. म्हणजे न बनलेला सिनेमा पूर्णपणे नाहीसा होत नाही. जुन्या प्रोजेक्टमधलं काही कोड नव्या प्रोजेक्टमध्ये राहून जातं, तसं त्याचं काहीतरी पुढे जातं. फक्त ते बघायला शेवटपर्यंत थांबावं लागतं, आणि तेव्हा आपण पॉपकॉर्नचा डबा उचलून दरवाज्यापर्यंत पोहोचलेले असतो.

केस २: स्ट्रीट फायटर, पैसे मिळूनही दुसरा भाग नाही

'मॉर्टल कॉम्बॅट'चा तिसरा भाग अडकायला दुसऱ्या भागाचं अपयश हे एक कारण होतं असं म्हणता येईल. मग 'स्ट्रीट फायटर'चं काय?

डिसेंबर १९९४ मध्ये आलेल्या या सिनेमात जाँ-क्लोद व्हॅन डॅम हिरो होता. दिग्दर्शक स्टीव्हन डी सूझा. साडेतीन कोटी डॉलर खर्च आणि जगभरातून जवळपास १० कोटी डॉलर कमाई. समीक्षकांना तो आवडला नाही, पण धंद्याच्या हिशोबाने तो पडलेला सिनेमा नव्हता. होम व्हिडिओवर आलेल्या आवृत्तीत तर शेवटी खलनायक बायसन परत जिवंत होत असल्याचा सीनही आहे. म्हणजे दुसऱ्या भागाची तयारी डोक्यात होती.

पण बायसन साकारणारे राउल जुलिया सिनेमा प्रदर्शित होण्याच्या दोन महिने आधी, २४ ऑक्टोबर १९९४ रोजी, वारले. त्या सिनेमातलं सगळ्यात लक्षात राहणारं काम त्यांचंच होतं. दुसऱ्या भागाच्या चर्चा पुढे अधूनमधून होत राहिल्या, सिनेमा मात्र आला नाही. २००९ मध्ये आला तो सगळं नव्याने सुरू करणारा 'द लेजंड ऑफ चुन-ली'. त्यावर सुमारे ५ कोटी डॉलर खर्च झाले आणि कमाई जेमतेम सव्वा कोटीच्या आसपास. त्यानंतर मोठा पडदा पुन्हा शांत.

इथेही फॅन्सनीच पुढाकार घेतला. जोई अन्साह या ब्रिटिश अभिनेत्याने २०१० मध्ये 'स्ट्रीट फायटर: लेगसी' हा छोटा व्हिडिओ बनवला आणि त्यातून कॅपकॉमच्या परवानगीने २०१४ मध्ये 'असॅसिन्स फिस्ट' ही वेब मालिका आली. फॅन्सनी ती डोक्यावर घेतली. तिचा पुढचा भाग 'वर्ल्ड वॉरियर' जाहीर झाला, पण बनला नाही. २०१८ मध्ये एंटरटेनमेंट वन या कंपनीने अन्साह यांच्यासोबत टीव्ही मालिका करणार असल्याचं जाहीर केलं. तीही आली नाही.

मग एप्रिल २०२३ मध्ये लिजेंडरी कंपनीने सिनेमा आणि टीव्हीचे हक्क घेतले. 'टॉक टू मी' या हॉररपटाने गाजलेले डॅनी आणि मायकेल फिलिपू हे जुळे भाऊ दिग्दर्शन करणार होते. २०२४ मध्ये ते बाहेर पडले. सोनीने ठरवलेली मार्च २०२६ ची तारीखही मागे घेतली गेली. नंतर किताओ साकुराई दिग्दर्शक झाले, वितरण पॅरामाउंटकडे गेलं आणि १६ ऑक्टोबर २०२६ ही नवी तारीख जाहीर झाली.

इथे बारकाईने बघा. 'स्ट्रीट फायटर'चा सिनेमा पुढे सरकला, पण 'फिलिपू बंधूंचा स्ट्रीट फायटर' हा सिनेमा आता कधीच दिसणार नाही. एकाच नावाखाली दोन वेगळे सिनेमे होते आणि त्यातला एक न बनलेल्यांच्या यादीत गेला.

आपल्यासाठी यात एक खास गोष्ट आहे. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' मध्ये धालसिम हा हात लांबवणारा योगी भारतीय आहे आणि त्याच्या स्टेजवर मागे हत्ती उभे दिसतात. १९९४ च्या सिनेमात धालसिमचं काम रोशन सेठ यांनी केलं होतं, पण तिथे तो योगी नव्हता, शास्त्रज्ञ होता. नव्या सिनेमात ही भूमिका विद्युत जामवालकडे आहे. कलरीपयट्टू शिकलेला माणूस धालसिम करणार म्हटल्यावर आपल्या ग्रुपवर चर्चा होणारच!

केस ३: सोलकॅलिबर, आणि पाहुण्यांची भानगड

तलवारी घेऊन लढायचा 'सोलकॅलिबर' अनेकांनी खेळला असेल. २००१ मध्ये त्यावर सिनेमा येणार अशी बातमी होती आणि हाँगकाँगचे ज्येष्ठ ॲक्शन कलाकार-दिग्दर्शक सॅमो हंग यांचं नाव त्याला जोडलं गेलं होतं. मार्शल आर्ट्सच्या सिनेमात आयुष्य घालवलेला माणूस आणि शस्त्रांवर उभा असलेला गेम. कागदावर याहून चांगली जोडी काय हवी? सिनेमा बनला नाही.

या गेमवरून हक्कांची आणखी एक गंमत कळते. २००३ मध्ये 'सोलकॅलिबर २' घरच्या कन्सोलवर आला तेव्हा प्रत्येक कन्सोलला वेगळा पाहुणा होता. गेमक्यूबवर निन्टेन्डोचा लिंक, प्लेस्टेशन २ वर 'टेकन'मधला हेइहाची आणि एक्सबॉक्सवर कॉमिक्समधला स्पॉन. गेममध्ये घ्यायची परवानगी म्हणजे सिनेमात घ्यायची परवानगी नव्हे. फॅनच्या डोक्यात जो गेम असतो तो सगळाच्या सगळा एका मालकाचा असेलच असं नाही.

'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम'चं तर आणखी अवघड. नावातच दोन मालक! डिसेंबर २०१३ मध्ये या मालिकेतले गेम्स प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या ऑनलाइन दुकानांतून काढून टाकावे लागले, कारण लायसन्सची मुदत संपत होती. जुने गेम्स एकत्र करून नवीन कलेक्शन यायला २०२४ उजाडलं. तयार गेम विकत ठेवतानाच इतकी कसरत, तर सिनेमाचं काय होईल याचा अंदाज करा.

मग स्टोरीचा प्रश्न खोटा आहे का?

नाही, तोही खरा आहे, पण वेगळ्या कारणाने. अडचण कथा कमी असण्याची नाही, हिरो जास्त असण्याची आहे.

'स्ट्रीट फायटर २' मध्ये निवडायला आठ खेळाडू होते आणि त्यावर चार बॉस. पहिल्या 'मॉर्टल कॉम्बॅट'मध्ये सात. 'टेकन ३' पर्यंत आकडा वीसच्या पुढे गेला. गेममध्ये प्रत्येक खेळाडू आपापल्या गोष्टीचा हिरो असतो, कारण तुम्ही त्याला निवडता. हॉस्टेलवर आमच्यात एकजण एडी गॉर्डो सोडून दुसऱ्या कोणाला हात लावायचा नाही (बटणं कशीही दाबली तरी एडी लाथा मारतोच, म्हणून). त्याच्यासाठी 'टेकन' म्हणजे एडीची गोष्ट. माझ्यासाठी किंगची. आता दोन तासांच्या सिनेमात कोणाचं समाधान करायचं? सगळ्यांना घेतलं तर प्रत्येकाला पाच मिनिटं, एकाला घेतलं तर बाकीचे नाराज. १९९४ चा 'स्ट्रीट फायटर' पहिल्या वाटेने गेला, २००९ चा दुसऱ्या. दोन्हींवर टीका झाली.

त्यामुळे पटकथा पुन्हा पुन्हा लिहावी लागते. पुन्हा लिहायला वेळ जातो. वेळ गेला की ऑप्शनची मुदत जवळ येते. म्हणजे स्टोरीचा प्रश्नसुद्धा फिरून त्याच कागदावर येऊन पोहोचतो.

कधीकधी मुदतीच्या धाकाने उलटंही होतं. १९९० च्या दशकात 'फँटॅस्टिक फोर'चे हक्क हातचे जाऊ नयेत म्हणून अगदी तुटपुंज्या बजेटमध्ये घाईघाईने सिनेमा बनवला गेला आणि तो कधी अधिकृतपणे प्रदर्शितच झाला नाही. तो काही फायटिंग गेमवरचा सिनेमा नव्हता, पण कागद माणसाला काय काय करायला लावतो ते कळतं.

बनला, पण गेमवाल्यांनाच नको होता

न बनणं वाईटच, असंही नाही. 'टेकन'वर २०१० मध्ये हॉलीवूडचा सिनेमा आला. या गेमचा चेहरा मानले जाणारे कात्सुहिरो हारादा यांनी ट्विटरवर तो सिनेमा भयंकर असल्याचं उघड सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की करारच असा होता की आम्हाला त्यावर देखरेख करता आली नाही.

हे वाचल्यावर लक्षात येतं की गेम कंपन्या हक्क देताना इतका वेळ का लावतात. एकदा कागदावर सही झाली की आपल्याच पात्रांचं काय होतंय यात बोलायला जागा राहीलच याची खात्री नसते. आता कंपन्या निर्मितीत स्वतः सामील होण्याचा आग्रह धरताना दिसतात. नव्या 'स्ट्रीट फायटर'मध्येही कॅपकॉम लिजेंडरीसोबत आहे. त्यामुळे काम हळू होतं, पण निदान बनलेलं बघून मालकाला तोंड लपवावं लागत नाही.

बातमी किती पक्की? अशी ओळखा

पुढच्या वेळी एखाद्या गेमवर सिनेमा येतोय असं वाचलंत तर तो कोणत्या पायरीवर आहे ते बघा:

१. हक्क घेतले: टोकन भरलंय. उड्या मारू नका.
२. लेखक ठरला: काम सुरू आहे, पण लेखक सहज बदलतात.
३. दिग्दर्शक ठरला: बातमी मोठी, भरवसा मध्यम. टँचरोएन आणि फिलिपू बंधू आठवा.
४. प्रदर्शनाची तारीख दिली: शूटिंगच्या आधी दिलेली तारीख मागे घेतली जाऊ शकते.
५. शूटिंग सुरू झालं: आता पैसा खरोखर खर्च होतोय. इथून पुढे सिनेमा येण्याची शक्यता बरीच वाढते.
६. स्टुडिओच्या स्वतःच्या चॅनेलवर ट्रेलर आला: आता मित्रांना सांगायला हरकत नाही.

खोटे ट्रेलर आणि 'फुल मूव्ही' लिंक

ही सगळी माहिती फक्त गप्पांसाठी नाही. तुमच्या मोबाईलशी तिचा थेट संबंध आहे.

एआयने चेहरे आणि सीन बनवणं सोपं झाल्यापासून न बनलेल्या सिनेमांच्या ट्रेलरचा पूर आलाय. २०२५ मध्ये यूट्यूबने असे ट्रेलर बनवणाऱ्या दोन मोठ्या चॅनेल्सची जाहिरातींची कमाई बंद केली आणि पुढे ती चॅनेल्सच काढून टाकली. त्यातलं एक भारतातून चालत होतं. पण दोन गेली तरी बाकीची आहेतच.

ट्रेलर बघताना चॅनेलचं नाव वाचा. तो स्टुडिओचा किंवा गेम कंपनीचा अधिकृत चॅनेल आहे का? वर्णनात कुठेतरी 'कन्सेप्ट' किंवा 'फॅन मेड' असं बारीक लिहिलंय का? एकाच सीनमध्ये कपडे किंवा बोटांची संख्या बदलतेय का? एवढं बघायला अर्धा मिनिट पुरतो.

खरा धोका याच्या पुढे आहे. अशा ट्रेलरच्या खाली, टेलिग्राम चॅनेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'फुल मूव्ही हिंदी डब्ड' अशी लिंक येते. त्यावर टॅप केलं की एखादी एपीके फाइल डाउनलोड करायला सांगतात. जरा विचार करा. जो सिनेमा बनलाच नाही, त्याच्या फाइलमध्ये सिनेमा कुठून असणार? मग फाइलमध्ये आहे काय? तुमचे मेसेज आणि ओटीपी वाचणारं अ‍ॅप असू शकतं. इन्स्टॉल करताना ते एसएमएस, कॉन्टॅक्ट्स किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असेल तर तिथेच थांबा. सिनेमा बघायला तुमचे एसएमएस वाचावे लागत नाहीत.

आणि अशी फाइल इन्स्टॉल झालीच असेल तर इंटरनेट बंद करा, ते अ‍ॅप काढून टाका आणि दुसऱ्या फोनवरून बँकेचा पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

नेहमी पडणारे प्रश्न

मी स्वतः फॅन फिल्म बनवली तर चालेल का?
पात्रं कंपनीच्या मालकीची असल्याने कायद्याने परवानगी लागते. काही कंपन्या छोट्या, पैसे न कमावणाऱ्या फॅन व्हिडिओंकडे दुर्लक्ष करतात, पण तो त्यांचा मोठेपणा, तुमचा हक्क नाही. कमाई करण्याआधी त्या कंपनीचे फॅन कंटेंटचे नियम नक्की वाचा.

अ‍ॅनिमेशनपट लवकर का बनतात?
तिथे गेम कंपनीचा हात जवळ असतो आणि कलाकारांच्या तारखा, लोकेशन वगैरे अडथळे कमी. १९९४ मध्येच जपानमध्ये 'स्ट्रीट फायटर २'वर अ‍ॅनिमेशनपट आला होता आणि कित्येक फॅन्स आजही त्यालाच सगळ्यात चांगला मानतात.

न बनलेल्या सिनेमाची पटकथा वाचायला मिळते का?
ती स्टुडिओची मालमत्ता असते, त्यामुळे अधिकृतपणे सहसा नाही. टँचरोएन आणि अन्साह यांचे छोटे व्हिडिओ मात्र अजूनही इंटरनेटवर सापडतात. स्टुडिओने 'हो' म्हणायची वाट न बघता केलेलं काम कसं असतं, हे बघायचं असेल तर आज रात्री त्या दोन व्हिडिओंना अकरा-बारा मिनिटं द्या. आणि ग्रुपवर पुढचा 'ऑफिशियल ट्रेलर' आला की फॉरवर्ड करण्याआधी वरची सहा पायऱ्यांची यादी एकदा बघून घ्या.